मास्तरांचा पंप आडात उतरला

बाईमाणसाचा निम्मा जन्म पाणी शेंदण्यात जातो, ही गोष्ट गुंडेराव मास्तरांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांच्या लग्नाला बावीस वर्षं होऊन गेली होती. तीही घरी, आडापाशी ध्यानात आली नाही. शाळाखात्याच्या कसल्याशा तालमीसाठी, म्हणजे मास्तरांच्या शिकवणीसाठी, मास्तर आठ दिवस हैदराबादेत होते, तिथे भरलेल्या एका नुमाईशीत लोखंडी सामानाच्या दुकानापुढे ती आली. एका पिंपावर हिरवा, ठेंगणा हातपंप बसवलेला होता आणि जरीची साडी नेसलेली एक बाई दोन बोटांनी त्याचा दांडा खालीवर करत होती. पाणी धो धो पडत होतं आणि बाई हसत होती. आपली कमलबाई पाणी शेंदताना कधी हसल्याचं मास्तरांना आठवेना. ती पाणी शेंदत असताना ते कधी परसात फिरकलेच नव्हते, त्यामुळे खात्रीनं सांगणं अवघड होतं. पण त्यांचं मन द्रवलं, आणि मास्तरांचं मन एकदा द्रवलं की ते लवकर घट्ट होत नसे.

पंपासोबत दुकानदारानं एक छापील इंग्रजी कागद दिला. मास्तरांचं उर्दू चांगलं, मराठी त्याहून चांगलं, मोडी तर मोत्याचे दाणे. इंग्रजी मात्र दुकानाच्या पाटीपुरतं. कागदातलं 'पंचवीस फूट' एवढं त्यांना लागलं. पंपासोबत पंचवीस फूट नळी मिळते, असा त्याचा सरळ अर्थ त्यांनी घेतला. आपला आड सात पुरुष खोल, म्हणजे चाळीस फुटांच्या घरात. तेव्हा वरची पंधरा फूट नळी त्यांनी आपणहून मागून घेतली. दुकानदारानं जरा चमकून पाहिलं, पण तो दुकानदार होता. त्यानं नळी दिली.

आगगाडीनं बिदर आणि तिथून दीड दिवस बैलगाडी, असा प्रवास करत पंप हुलसवाडीला आला. हे गाव खटकचिंचोळीपासून दोन कोसांवर. वाटेत एका नाक्यावर जवानानं गाडी थांबवून नळीच्या तोंडात डोळा घालून पाहिलं आणि तोफ कुठं चालली म्हणून विचारलं. मास्तरांनी त्याला शुद्ध उर्दूत पंपाचं महत्त्व समजावून सांगितलं. अर्ध्यातच त्यानं गाडी सोडली.

मास्तरांचा आड एकट्या मास्तरांचा नव्हता. तो त्यांच्या आणि शेजारच्या श्रीपतरावांच्या परसाच्या मधोमध होता आणि गल्लीतली पाच घरं त्यावर पाणी भरत. श्रीपतराव म्हणजे चार बैलजोड्यांचा धनी. गल्लीत काय चालतं आणि काय चालत नाही, हे ठरवण्याचं काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलेलं होतं. त्यांनी पंपाला एक प्रदक्षिणा घातली आणि असल्या गोष्टी शहरात ठीक असतात, असं मत दिलं. समोरचा काशाप्पाही आला. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती, त्याच्या वेळेला शेती आली. पण कळप राखायची सवय रक्तात उरली असावी, कारण चार माणसं जमलेली दिसली की तो त्यांच्या कडेला जाऊन उभा राही आणि भरकटणाऱ्याला सल्ला देई.

उत्साहाच्या भरात मास्तरांनी पहिल्याच दिवशी आडावरचा जुना रहाट उपटला आणि त्याची लाकडं चुलीपुढे नेऊन टाकली. कमलबाई म्हणाल्या, जरा थांबा, आधी पाणी येतंय का बघा. मास्तरांनी त्यांच्याकडे अशा करुणेनं पाहिलं की त्यांनी लाकडं फोडून चुलीला लावली.

पंप बसला. गल्ली जमली. मास्तरांनी धोतराचा काचा मारला आणि दांडा हाणायला सुरुवात केली. पंपातून दमेकऱ्यासारखा आवाज आला, पाणी काही आलं नाही. दुपारपर्यंत मास्तरांनी हाणला, मग काशाप्पानं हाणला, मग पाची घरांतल्या गड्यांनी पाळीपाळीनं हाणला. काशाप्पाच्या मते पंप तहानलेला होता, त्याला वरून पाणी पाजायला पाहिजे होतं. हे खरंही होतं. असल्या पंपाला आधी घोटभर पाणी द्यावंच लागतं. पण त्यासाठी पाणी हवं, आणि रहाट तर चुलीत गेलेला. शेवटी कमलबाईंनी नुसत्या दोरानं, काठावर पाय रोवून, पंपासाठी एक घागर शेंदली. पंप ती प्यायला आणि पुन्हा दमा लागल्यासारखा घरघरू लागला.

दुसऱ्या दिवशी मास्तर तो इंग्रजी कागद घेऊन खटकचिंचोळीला टपाल सांभाळणाऱ्या बाबूकडे गेले. त्यानं चष्मा लावून वाचून सांगितलं की हा पंप पंचवीस फुटांच्या खालून पाणी ओढत नाही. मास्तर म्हणाले, नीट वाचा. त्यानं नीट वाचलं. मग मास्तर दोन कोस चालत परत आले.

इथं शहाण्या माणसानं पंप गोणपाटात गुंडाळून ठेवला असता. पण गावभर बोभाटा झाला होता, शाळेतल्या पोरांनी पाटीवर पंपाची चित्रं काढली होती, आणि श्रीपतराव रोज सकाळी भिंतीवरून विचारत, "मास्तर, आलं का हो पाणी?" अशा वेळी काशाप्पानं तोड काढली. पाणी पंपापर्यंत वर यायला तयार नसेल, तर पंपानं पाण्याकडं खाली जावं. त्यात कमीपणा काय. मास्तरांना हे पटलं. आडात पंधरा फुटांवर लिंबाच्या दोन तुळया भिंतीत रोवल्या, त्यावर फळ्या ठोकल्या, पंप फळ्यांवर बसवला आणि काठापासून एक शिडी खाली सोडली.

आणि पाणी आलं. आडाच्या पोटातून मास्तरांनी हाक दिली. ती घुमत वर आली तेव्हा गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या घाबरून घरात पळाल्या.

तेव्हापासून मास्तरांच्या घरचं पाणी असं भरलं जाऊ लागलं. सकाळी मास्तर शिडीनं आडात उतरत. फळीवर उकिडवे बसून पंप हाणत. बादली भरली की वर ओरडत. कमलबाई ती दोरानं पंधरा फूट ओढून घेत. आधी कमलबाई एकट्या पाणी शेंदत आणि मास्तर ओसरीवर दात घासत बसत. आता दोघं मिळून तेवढंच पाणी दुप्पट वेळात भरत. मधल्या काळात शाळा वाट पाहत असे. मास्तर धोतराला शेवाळ लावून वर्गात येत आणि पहिला तास पोरांना शिंका मोजण्यात जाई. बाकीच्या चार घरांनी आपापले दोर आणले होते, पण त्यांच्या बादल्या फळ्यांवर आपटत. म्हणून त्या बायकाही मास्तरांना खालूनच भरून द्या म्हणू लागल्या. श्रीपतरावांच्या घरातून रोज अकरा घागरी लागत. मास्तर त्याही भरत. शेजारधर्म म्हणून नव्हे, तर पंप चालतो हे श्रीपतरावांना रोज अकरा वेळा दिसावं म्हणून.

हे सगळं सरकारच्या कानावर जायला महिना लागला. मग तालुक्याच्या कचेरीतून कागद आला, की मौजे हुलसवाडी येथील मुदर्रिस गुंडेराव यांनी बिलाइजाजत, म्हणजे परवानगीवाचून, पाणी ओढण्याची मशीन बसवल्याचं समजतं, तरी हजर व्हावं. मास्तर फेटा बांधून हजर झाले. तिथला कारकून, अहलकार म्हणत त्याला, भला माणूस होता. त्यानं चहा मागवला, तालीम कशी झाली विचारलं, आणि मग कागद पुढे ओढून म्हणाला की ही आबपाशीची, शेत भिजवायची मशीन झाली, आणि जिथं आबपाशी तिथली जमीन खुश्की, कोरडवाहू राहत नाही, ती तरी होते, म्हणजे भिजवणाची. तिचा सारा वेगळा.

मास्तरांनी सांगितलं की परसात दोन वांगी, एक तुळस आणि एक कढीपत्त्याचं झाड, एवढीच पिकं आहेत.

"पानी निकला ना, मास्टर साब?" अहलकारानं मायेनं विचारलं. "निकला तो कहीं गिरा ना? जहाँ गिरा, वो तरी."

मास्तरांनी अर्ज लिहिला. अर्जात त्यांनी पंपाला मशीन न म्हणता 'घरगुती भांडं' म्हटलं. अहलकाराला ही कल्पना आवडली, पण भांड्यासाठी त्याच्याकडे रकाना नव्हता. पुढच्या तीन फेऱ्यांत तो रकाना काही सापडला नाही. शेवटी असं ठरलं की चैत्रात गिरदावर, म्हणजे महसुलाचा तपासनीस, येऊन मशीन स्वतः पाहील आणि वांग्यांचा निकाल लावील.

चैत्र यायच्या आधीच पंप बंद पडला. एका सकाळी दांडा सैल पडला आणि नुसता खालीवर होऊ लागला. मास्तरांनी वरचं झाकण उघडलं, आत हात घातला, आणि एक काळं, फाटकं चकतीसारखं काहीतरी बाहेर काढून निरखायला वर आणलं. दुर्दैवानं त्या वेळी श्रीपतराव काठावरच होते. त्यांनी ती चकती नखानं टोकरली, नाकाशी नेली आणि ते दोन पावलं मागं सरले.

"मास्तर, हे कातडं हाय."

ते कातडंच होतं. पंपाचा दट्ट्या नळीत घट्ट बसावा म्हणून त्याला कातडी वायसर लावलेला असतो. म्हणजे गेले तीन महिने पाची घरं कातड्यातून गाळलेलं पाणी प्याली होती. गल्लीत जो हाहाकार उडाला तो काही विचारू नका. श्रीपतरावांच्या आईनं त्या पाण्यावर केलेल्या सहा एकादश्या आठवून अंथरूण धरलं. कुणाला आपल्या पोटदुखीचं कारण सापडलं, कुणाला बैल मेल्याचं. कमलबाईंनी चुलीपुढून शांतपणे एवढंच विचारलं, की शेतावर मोट कशाची असते, आणि मोटेचं पाणी आल्याबरोबर ओंजळ लावून कोण पितं. श्रीपतरावांनी सांगितलं की ते रानातलं पाणी, त्याचा कायदा वेगळा. कमलबाईंना आणखी विचारायचं होतं, पण मास्तरांनी त्यांना डोळ्यांनी दटावलं. मास्तर तसे सुधारणेच्या बाजूचे होते, फक्त श्रीपतराव समोर नसताना.

बाटायचं ते बाटून झालं होतं; आता निदान पंप तरी चालू व्हावा, नाहीतर दोन्हीकडून गेलो, असं काशाप्पा म्हणाला. वायसर कापून देणारा गावात एकच माणूस होता, तो म्हणजे नाल्याकडच्या आळीत मोटा शिवणारा सायबण्णा. तो आला, चकती पाहिली आणि म्हणाला, कापून देतो, पण बसवायलाही मीच लागतो. कातडं कुठल्या अंगानं घालायचं आणि किती तेल पाजायचं, ते सांगून कळत नाही. पंप वर आणावा, तर त्याचे नटबोल्ट ओलीनं गंजून फळीला असे धरले होते की ते न तोडता काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. म्हणजे सायबण्णालाच आडात उतरावं लागणार.

इथं सगळं अडलं. कारण सायबण्णाच्या आळीतल्या माणसानं गावातल्या आडाला हात लावायचा नाही, असा नियम होता. हात लावायचा नाही तो आत कसा उतरणार? श्रीपतरावांनी खूप विचार केला. त्यांना विटाळ नको होता, आणि घरात तर पाण्याचा टिपूस नव्हता. अखेर निवाडा काशाप्पानं केला. आडाला हात लावायचा नाही, असा नियम आहे. शिडीला लावायचा नाही, असं काही कुणी म्हटलेलं नाही.

त्याप्रमाणे सायबण्णा शिडीला धरून खाली गेला. कोपर भिंतीला लागू नये म्हणून श्रीपतराव वरून सूचना देत होते, "अंग चोरून, अंग चोरून उतर." सायबण्णानं आयुष्यभर तेच केलं होतं, त्याला वेगळं शिकवायची गरज नव्हती. खाली त्यानं घटकाभर खटपट केली. मग दांड्याचा आवाज आला, भरीव, ओला. पाणी पडू लागलं. वरून पाच-सहा डोकी वाकून बघत होती. त्यांच्या देखत सायबण्णानं ओंजळ धरली आणि तो पोटभर पाणी प्याला. मग तोंड पुसून वर बघत म्हणाला, "मास्तर, पानी ग्वाड हाय तुमच्या आडाचं. आज कळलं."

तो वर आला तेव्हा सगळी डोकी बाजूला झाली. जाताना त्यानं मास्तरांना एवढंच सांगितलं, की हा पंप खोल पाण्याचा नव्हे, ह्याला नाल्याकडची जागा पाहिजे, तिथं पाणी आठ-दहा हातांवर आहे.

संध्याकाळपर्यंत गल्लीचा निकाल लागला. आड धुवायचा, पाणी उपसायचं, पूजा घालायची, आणि मुख्य म्हणजे ते लोखंडी लचांड काढायचं. तोवर चार घरांनी वेशीजवळच्या विहिरीवर जायचं आणि त्याचा दोष मास्तरांच्या माथी. मास्तरांचा अपमान झाला. ते ओसरीवर बसून कमलबाईंना सांगू लागले की हे गाव शंभर वर्षं मागं आहे, की आपण बदलीचा अर्ज करणार. कमलबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "अर्ज नंतर करा. आधी मला रहाट करून आणा."

पंप परसात ठेवणं शक्य नव्हतं, कारण श्रीपतराव भिंतीवरून त्याच्याकडे बघत. विकायला कुणी गिऱ्हाईक नव्हतं. तेव्हा मास्तरांनी तो सायबण्णाला दान द्यायचा ठरवलं. दान देताना बोलायचं एक छोटंसं भाषणही तयार केलं, त्यात 'उद्धार' हा शब्द दोनदा होता. सायबण्णा आला, भाषणाच्या अर्ध्यावर म्हणाला की फुकट नको, आणि मास्तरांचा पाय एका कागदावर ठेवून कोळशानं त्याची रेघ ओढून घेतली. चौथ्या दिवशी त्यानं चपलांचा जोड आणून दिला आणि छिन्नी-हातोड्यानं नटबोल्ट तोडून पंप घेऊन गेला. त्या दिवशी तो आडात उतरला तेव्हा श्रीपतराव घरी असूनही दिसले नाहीत.

नाल्याकाठी खड्डा, त्यात नळी, वर दगडाचा ओटा. एका दिवसात पंप लागला आणि पाणी असं येऊ लागलं की मास्तरांना शाळेत बसून आवाज ऐकू यायचा. ते त्यांना खुपू लागलं. आपण आणलं तेव्हा हे यंत्र तीन महिने दम्यानं मेलं, आणि तिथं गेल्याबरोबर असं ठणठणीत कसं? एक दिवस ते दांडा कसा धरावा हे शिकवायला म्हणून आळीत गेले. सायबण्णाची बायको लक्ष्मम्मा पाणी भरत होती. तिनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय की मास्तर. आता जरा बाजूला व्हा, पोरी खोळंबल्यात."

चैत्रात गिरदावर आला. त्याला परसात ना पंप सापडला ना वांगी. ती दोन्ही झाडं पाण्यावाचून वाळून गेली होती. त्यानं कागद मांडीवर घेतला, बराच वेळ विचार केला, आणि शेरा मारला की जमीन खुश्की, मशीन फरार. फरार मशीनला हजर करण्याची जबाबदारी मुदर्रिस गुंडेराव यांच्यावर राहील, असंही खाली लिहिलं. मास्तरांनी सही केली. तोवर त्यांच्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं.

त्या साली वैशाखात आड आटला. वेशीजवळच्या विहिरीत बादली टाकली की गाळ येई. कमलबाईंनी दोन दिवस गाळ निवळून पाहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि त्या भर सकाळी, सगळ्या गल्लीच्या देखत, नाल्याकडच्या आळीत गेल्या. लक्ष्मम्माच्या मागं उभ्या राहिल्या आणि पाणी घेऊन आल्या. मास्तर त्यांना वाटेत सामोरे गेले आणि लोक काय म्हणतील, असं हळूच म्हणाले. कमलबाईंनी विचारलं, पिणार का न्हाई ते सांगा. मास्तर प्याले.

चार दिवसांत गल्लीत एक नवी बातमी फिरू लागली. कुणीतरी जाणत्यानं सांगितलं होतं म्हणे, की आडातलं पाणी साचलेलं असतं, त्याला विटाळ लागतो. पंपातलं पाणी धावतं असतं, त्याला लागत नाही. हा जाणता कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं. बातमी श्रीपतरावांच्या घरातून निघाली होती, एवढं खरं.

आठव्या दिवशी कमलबाईंची कंबर धरली. त्या म्हणाल्या, "आज तुम्ही जावा." मास्तरांनी ऊन डोक्यावर येऊ दिलं, रस्ता मोकळा झालेला पाहिला, आणि घागर उपरण्यात गुंडाळून ते निघाले. नाल्याशी पोचले तर पंपापाशी आधीच एक माणूस उभा होता. त्याच्या एका हातात घागर होती आणि दुसऱ्या हातात जोडा. ते श्रीपतराव होते.

मास्तरांना पाहताच श्रीपतरावांनी घागर मागं नेली आणि जोडा पुढं केला. म्हणाले, टाच उसवली म्हणून आलो होतो. जोडा कोरा करकरीत होता. लक्ष्मम्मा ओट्यावर बसलेली होती. तिनं जोडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, टाच दाबून पाहिली आणि परत दिला.

"जोडा चांगला हाय, मालक," ती म्हणाली. "घागर ठेवा रांगंला. मास्तरच्या मागं. त्यांच्या घरची पाळी बांधलेली हाय."

मास्तरांनी आपली घागर नळाखाली ठेवली आणि दांडा धरला. दुसऱ्याच हिसक्याला पाणी आलं, गार आणि जाड धारेचं. एवढे महिने कुणाला नीट समजावून सांगता आलं नव्हतं ते सगळं मास्तरांच्या ओठावर आलं. ते हात थांबवून श्रीपतरावांकडे वळले आणि आतला वायसर दट्ट्याला कसा धरतो, हवा कशी बाहेर जाते, हे सांगू लागले.

श्रीपतरावांच्या मागं तोवर गल्लीतल्या तीन बायका डोक्यावर पदर ओढून येऊन उभ्या राहिल्या होत्या. श्रीपतराव जोडा काखेत दाबून, दुसरीकडंच बघत म्हणाले, "मास्तर, हात चालवा. मागं माणसं हायत."

मास्तरांनी हात चालवला.